सुशीलादेवीचं देऊळ

गुहागरला सुशीलादेवीचं देऊळ नाही.

गुहागरला व्याडेश्वर आहे, दुर्गादेवी आहे, सुरूच्या बनाला लागून पसरलेला लांबच लांब किनारा आहे. सुशीलादेवी नाही. तरीही एका रात्री साडेबाराला माझ्या लॅपटॉपवर माझी आजी सांगत होती, की लहानपणी दर शुक्रवारी ती सुशीलादेवीच्या देवळात जायची. चार ओळी खाली मुंबईहून आलेली बोट तिला उतरवून पुढं 'विजयसुशीलाला' जात होती. आणखी दोन पानांनंतर आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग तोडून तो 'सिंधुसुशीलात' गेला होता.

मी एकटीच हसले. मग आठवलं, की उद्या हे सगळं बाबांना वाचून दाखवायचंय, आणि हसू गेलं. माझ्या कोडमध्ये काहीतरी भयंकर चुकलं होतं.

निदान तेव्हा मला तसं वाटलं.

*

बाबांचं रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या बाजूला डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, पतसंस्थेचे अहवाल. दिवाळीच्या आधी दोन महिने दिवाळी अंकाचं काम, आणि तेव्हा बाबा घरी फक्त जेवायला येत. मी शाळा सुटल्यावर दुकानात जाऊन बसायची. पेजमेकरच्या त्या करड्या पानावर मराठी अक्षरं एकामागून एक उमटताना बघणं हा माझा टीव्ही होता.

२००४ साली बाबांनी आजीच्या आठवणी लिहून घ्यायला सुरुवात केली. रात्री जेवणं झाली की आजी पडवीत बसून सांगायची, बाबा वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात काम नसेल तेव्हा टाइप करायचे. ऐंशीएक पानांची पुस्तिका करायची, आजीच्या पंचाहत्तरीला नातेवाइकांत वाटायची, असा बेत होता. पण पंचाहत्तरीच्या आधीच आजी आजारी पडली. २००६ मध्ये ती गेली. पुस्तिका छापायची राहिली ती राहिलीच. वह्या माळ्यावर गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत वाळवीनं त्यांचा भुगा केला. हे कोकण आहे, इथं कागद फार काळ कुणाचा नसतो.

उरली फक्त फाईल.

मी आता एका पुण्याच्या कंपनीसाठी घरूनच काम करते. जावास्क्रिप्ट लिहिते. दुकान बंद झालंय, बाबांच्या एका डोळ्याला आता नीट दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर सुरू होताना इतका खरखरला, की मी घाईघाईनं त्यातलं सगळं काढून घेतलं. आजीची फाईल उघडली, तर आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हं, टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं, असा सगळा कचरा.

ज्यांनी नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकातलं छपाईचं काम पाहिलंय, त्यांना हा कचरा लगेच ओळखू येईल. तेव्हा कुणाकडे श्रीलिपी, कुणाकडे एपीएस, कुणाकडे शिवाजी, कुणाकडे कृतिदेव. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी होती, पण आमच्या आळीपर्यंत ती पोचायला बराच वेळ लागला. तोवर सगळ्यांनी एक जुगाड चालवला. कॉम्प्युटरला इंग्रजीच कळतंय ना, मग इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवा. फाईलमध्ये असतं इंग्रजी, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांच्या, वर्तमानपत्रांच्या, लेखकांच्या फायली आज अशाच मुखवट्याविना पडून आहेत.

या फायली युनिकोडमध्ये आणायच्या तर काम एकच. अमुक चिन्ह दिसलं की त्याजागी तमुक अक्षर टाका. शोधा आणि बदला. म्हणजे माझ्या रोजच्या भाकरीचं काम. मी बाबांना म्हटलं, "दोन दिवसांत देते."

तीन आठवडे लागले.

*

जावास्क्रिप्ट शिकताना प्रत्येकजण एकदा तरी ज्या खड्ड्यात पडतो, तो आधी सांगते. स्ट्रिंगमध्ये काही बदलायचं असेल तर 'रिप्लेस' नावाची सोय आहे. तिला दोन गोष्टी द्यायच्या, काय शोधू आणि त्याजागी काय ठेवू. समजा मजकुरात दहा वेळा 'आंबा' आहे आणि तुम्ही म्हणालात, 'आंबा' काढ, 'फणस' ठेव. ती इमानदारीत पहिला आंबा काढते, फणस ठेवते आणि हात झटकते. बाकीचे नऊ आंबे जागच्या जागी. सगळे बदलायचे असतील तर रेग्युलर एक्स्प्रेशन लिहून त्याला 'जी' ही खूण लावावी लागते. 'रिप्लेसऑल' ही वेगळी सोय या भाषेत अधिकृतपणे आली ती २०२१ च्या आवृत्तीत. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जिचा पहिला नमुना उभा केला, त्या भाषेला 'सगळे' हा शब्द शिकायला सव्वीस वर्षं लागली.

सगळे बदलायला गेलं की दुसरा खड्डा. 'आंबा' जाऊन 'फणस' आला, पण त्याबरोबर 'आंबा घाट'चा 'फणस घाट' झाला. 'आंबापोळी'ची 'फणसपोळी' झाली, ती आपल्याकडे मिळते म्हणून कुणाच्या लक्षातही येणार नाही. उलट 'आंब्याची पेटी' तशीच राहिली, कारण त्यात 'आंबा' नाही, 'आंब्या' आहे. ज्याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणून पाठ केलं, ते कॉम्प्युटरला ठाऊक नाही. त्याच्या लेखी 'आंबा' आणि 'आंब्या' यांचं काही नातं नाही.

तिसरी गोष्ट खड्डा नाही, पण मला ती सगळ्यात आवडते. जावास्क्रिप्टमधली स्ट्रिंग बदलता येतच नाही. एकदा तयार झाली की झाली. 'रिप्लेस' केल्यावर जुनी स्ट्रिंग बदलत नाही, बदल केलेली एक नवी स्ट्रिंग हातात येते. ती हातात घेतली नाही तर काहीच घडलं नाही असं समजा. शिकताना याचा राग येतो. 'मी बदललं होतं ना, मग जुनंच कसं दिसतंय?' असं म्हणत अर्धी रात्र जाते.

तर मी कोष्टक बनवलं. डावीकडे जुन्या फॉन्टची चिन्हं, उजवीकडे युनिकोड अक्षरं, सव्वादोनशे ओळी. त्यांचा क्रमही महत्त्वाचा, कारण या फॉन्टात 'ओ'काराचं वेगळं चिन्ह नाही, काना आणि मात्रा शेजारी ठेवून तो बनतो. आधी सुटा काना बदलून टाकला तर 'ओ'कार तुटतो. म्हणून मोठी जोडी आधी, सुटं चिन्ह नंतर.

मग ऱ्हस्व वेलांटी. आपण 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडून काढतो, म्हणून जुना फॉन्ट तिला अक्षराच्या आधी ठेवतो. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतं, आधी 'क', मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षरापलीकडे नेऊन ठेवायची. पुढं जोडाक्षर असेल तर ते अख्खं ओलांडून. रफार नेमका उलटा. डोळ्याला तो अक्षराच्या डोक्यावर, शेवटी दिसतो, पण उच्चारात तो आधी. त्याला मागं न्यायचा. 'रत्नागिरी' हा चार अक्षरांचा शब्द. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ती सांगते नऊ. ज्या गावात मी जन्मले त्याचं नाव मला असं सुटं सुटं करून पहिल्यांदाच मोजावं लागलं.

एक चूक मला बाबांनी दाखवली. आजी कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेली होती, त्या प्रवासाचं वर्णन मी त्यांना वाचून दाखवत होते. "आंबा घाटात दोन्ही बाजूंना खोल दर्या."

"काय गो, घाटात दर्या कुठून आला?"

मी पाहिलं. आजीच्या होत्या 'दऱ्या'. माझ्या कोष्टकानं रफार आणि 'ऱ्या'तला तो आडवा अर्धा र, दोन्ही एकाच खणात टाकले होते. दरीचं अनेकवचन समुद्र झालं होतं. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक मराठीच्या बाईंनी शाळेत चारदा सांगितला होता. मी शिकले तो बाबांच्या एका डोळ्यामुळे.

*

म्हणून त्या रात्री सुशीलादेवी, विजयसुशीला आणि सिंधुसुशीला दिसल्यावर माझा पहिला संशय रफारावर गेला. बिघडलेल्या सगळ्या शब्दांत मुळात रफार असायला हवा होता. दुर्गादेवी, विजयदुर्गाला, सिंधुदुर्गात. पुढं 'रत्नसुशीलावर' आणि 'सुशीलाष्टमी'ही सापडली. रफार मागं नेणारा नियम मी तीनदा तपासला. तो ठीक होता.

मग जरा डोकं चालवलं. कोष्टक चुकलं तर अक्षरं चुकतील, 'दु'चा 'टु' होईल. एका अख्ख्या नावाच्या जागी दुसरं अख्खं नाव कसं येईल? माझ्या कोडमध्ये 'सुशीला' हा शब्दच नव्हता. मी मूळ फाईल उघडली, ती कचऱ्याची, आणि त्यात चिन्हं मोजत बसले. 'सुशीला' तिथंच होती. बदल माझ्या आधीच कुणीतरी केला होता.

'दुर्गा' जिथं जिथं होतं, तिथं तिथं 'सुशीला'. विजयदुर्गाला या शब्दाच्या पोटात 'दुर्गा' ही अक्षरं आहेत. सिंधुदुर्गात आहेत, रत्नदुर्गावर आहेत, दुर्गाष्टमीत आहेत. सगळीकडे आंधळेपणानं बदल झाला होता.

असा प्रकार जगात पूर्वी झालाय आणि त्याचाही जावास्क्रिप्टशी संबंध आहे. २००१-०२ च्या सुमारास याहूची ईमेल सेवा पत्रांमधून धोकादायक कोड जाऊ नये म्हणून जावास्क्रिप्टमधले काही शब्द परस्पर बदलायची. 'इव्हॅल' दिसलं की त्याजागी 'रिव्ह्यू'. मध्ययुगीन या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या पोटात नेमकी तीच चार अक्षरं आहेत. त्यामुळं तो शब्द 'मेडिरिव्ह्यू' होऊन लोकांच्या पत्रांत पोचला, आणि तिथून काही वेबसाइटांवरही गेला. कुणी तो वाईट हेतूनं केला नव्हता. फक्त शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते विचारलं नव्हतं.

पण आमच्या फाईलमध्ये कुणी, आणि का?

सुशीला हे माझ्या आजीचं नाव. रेशन कार्डावर, सातबाऱ्यावर, श्राद्धाच्या दिवशी भटजी म्हणतात त्यातही सुशीलाच. मग दुर्गा कोण?

मी युनिकोड मजकुरात नुसतं 'दुर्ग' शोधलं. सात जागा सापडल्या. 'चेंज ऑल'च्या हातून निसटलेल्या, कारण तिथं 'दुर्गा' नव्हतं. दोन ठिकाणी 'विजयदुर्ग' होतं. उरलेल्या पाच ठिकाणी हाक होती.

"आई म्हणायची, दुर्गे, दिवा लाव."

"दुर्गे, पाऊस येतोय, कपडे काढ."

हे मी आधीही वाचलं होतं. मला वाटलं होतं, पणजी देवीचं नाव घेतेय.

*

सकाळी बाबा चहा घेत होते. मी विचारलं, "आजीचं माहेरचं नाव दुर्गा होतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"विजयसुशीलानं."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग आठवलं. पुस्तिकेचं काम संपत आलं होतं. एका जुन्या गिऱ्हाइकानं पानं चाळली आणि म्हटलं, "यात ही दुर्गा कोण आणि सुशीला कोण, माझा घोळ होतोय." बाबांनाही ते पटलं. त्यांनी घरी येऊन आजीला विचारलं, "दोन नावांनी लोकांचा गोंधळ होईल, कुठलं ठेवू?" आजी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "लोक ओळखतात ते ठेव."

बाबांनी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन स्टोरी एडिटर उघडला, 'दुर्गा' आणि 'सुशीला' टाइप केलं आणि 'चेंज ऑल' दाबलं. फाईल सेव्ह केली. प्रूफ नंतर वाचू म्हणाले. त्याच आठवड्यात आजीला दवाखान्यात न्यावं लागलं. ते प्रूफ वीस वर्षं वाचायचं राहिलं.

"दोन सेकंदांचं काम होतं गो ते," बाबा म्हणाले.

मला तेव्हा अचानक आमच्या माईआजी आठवल्या. आजीची थोरली बहीण. मे महिन्यात यायच्या, पडवीत पाय पसरून बसायच्या आणि आजीला 'दुर्गी' म्हणायच्या. मला वाटायचं चिडवतायत, कारण आजी तापट होती आणि तापट बाईला आमच्याकडे दुर्गा म्हणतात. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. २००९ मध्ये माईआजी गेल्या. त्यानंतर त्या नावानं आजीचा उल्लेख करणारं कुणी उरलं नाही.

जावास्क्रिप्टमध्ये जुनी स्ट्रिंग बदलत नाही, हे मी वर सांगितलं. ती मेमरीत तशीच असते. पण जोवर कुठलंतरी व्हेरिएबल तिला धरून आहे तोवरच. धरणारं कुणी उरलं नाही की इंजिन तिला झाडून टाकतं. आपल्याला कळतही नाही.

*

मी रागात होते. बाबांवर नव्हे, आजीवरही नव्हे, बहुतेक त्या सुपातल्या तांदळावर. म्हणून त्या रात्री मी एक मूर्खपणा केला. 'रिप्लेसऑल' लिहिलं आणि 'सुशीला' जिथं असेल तिथं 'दुर्गा' केलं. विजयदुर्ग जागेवर आला. सिंधुदुर्ग आला. गुहागरच्या देवळात देवी परत गेली. मला फार बरं वाटलं.

सकाळी बाबांना लग्नाचं पान वाचून दाखवलं.

आजीचं लग्न १९५० च्या दशकातलं. ती गुहागरकडून रत्नागिरीला आली, आणि गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. आपल्याकडे हे इतकं साधं आहे, की लग्नाच्या अल्बममध्ये त्याचा एक फोटो ठरलेला असतो. बाबांच्या फाईलमध्ये तिथं एक वाक्य होतं, जे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीचं काहीतरी तत्त्वज्ञान म्हणून सोडून दिलं होतं.

"घरातून निघताना सुशीला होते, घरात शिरताना सुशीला झाले."

माझ्या दुरुस्तीनंतर ते असं झालं होतं.

"घरातून निघताना दुर्गा होते, घरात शिरताना दुर्गा झाले."

आणि खाली ताटातल्या तांदळांत आजोबा अंगठीनं 'दुर्गा' लिहीत होते.

बाबा काही बोलले नाहीत. मीच लॅपटॉप मिटला. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की उलटं जाता येत नाही. कुठली सुशीला आधीपासून सुशीला आणि कुठली आधी दुर्गा, ही माहिती फाईलमध्ये उरलेलीच नाही. बाबांचं 'चेंज ऑल' दोन सेकंदांचं होतं, माझंही दोन सेकंदांचंच होतं, आणि दोघांनी तेच केलं होतं.

निदान मी मूळ फाईलची प्रत ठेवली होती. ती सवय मला भाषेनंच लावली.

*

आमच्या रत्नागिरीला शब्द काढून शब्द ठेवण्याचं वेड जुनं आहे. १९२४ ते १९३७ सावरकर इथं स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीची मोहीम त्यांनी इथूनच चालवली. फारसी, इंग्रजी शब्द काढा, त्याजागी हे घ्या. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे 'महापौर', 'दिनांक', 'हुतात्मा' आज आपण सहज वापरतो. बाराखडीही त्यांना बदलायची होती, 'इ' 'ई'च्या जागी 'अि' 'अी'. ती काही वर्षं छापलीही गेली, पण टिकली नाही. त्या काळातला छापील मजकूर आज युनिकोडमध्ये आणायला घेतला तर पुन्हा एक 'रिप्लेस' लिहावं लागतं. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि 'नांव', 'कांहीं' यांच्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले.

मला त्या मोहिमेचं बरंवाईट इथं ठरवायचं नाही. मला एवढंच दिसतं, की भाषेत 'रिप्लेसऑल' कधी पूर्ण होत नाही. फॉर्मवर आपण 'दिनांक' भरतो आणि तोंडानं विचारतो, "आज तारीख काय?" दोन्ही शब्द नांदतात, कारण कुठला कुठं बोलायचा हे प्रत्येकाला ठाऊक असतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा कुणीतरी सोयीसाठी एकच ठेवायचं ठरवतं.

*

शेवटी मी आणि बाबा दोघं बसलो. रोज संध्याकाळी, पडवीत, तासभर.

आधी मी कोडनं जमेल तेवढं करून बघितलं होतं. 'अख्खा शब्द' शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दाच्या सीमेची एक खूण असते. तिला शब्द म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच कळतं. देवनागरीत तिला सीमा दिसत नाही. युनिकोडची अक्षरं आणि मात्रा ओळखणारी नवी खूण वापरली, तर 'सुशीलाला', 'सुशीलाच्या', 'सुशीलानं' सुटायला लागले, कारण आपल्या विभक्ती नावाला चिकटून बसतात. मी कोड बंद केलं आणि सगळ्या 'सुशीला' फक्त पिवळ्या रंगात दाखवल्या. एकसष्ट निघाल्या.

नऊ सोप्या होत्या. देवीचं देऊळ, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, रत्नदुर्ग, अष्टमी. त्या पाच मिनिटांत झाल्या.

उरल्या बावन्न. सगळं आजीच सांगत असल्यामुळे ती स्वतःला 'मी' म्हणते. तिचं नाव येतं ते दुसऱ्याच्या तोंडी. म्हणजे प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न होता, आत्ता बोलतंय कोण? गुरुजी म्हणतात, "सुशीला पहिली आली." दुर्गा. सासूबाई म्हणतात, "सुशीलाला पोळ्या जमत नाहीत." सुशीला. बाळंतपणाला माहेरी गेल्यावर तिची आई दारात म्हणते, "आली माझी सुशीला." तारीख लग्नानंतरची, पण आई बोलतेय. दुर्गा.

मी वाचायची, बाबा सांगायचे. मध्येच त्यांना वहीत नसलेलंही काही आठवायचं. आजोबा माणसांत तिला 'अहो' म्हणायचे आणि एकटं असताना काय म्हणायचे ते बाबांना माहीत नव्हतं. आजीचा धाकटा भाऊ लढाईच्या गोष्टी सांगायचा. तिला गणित यायचं. पंचवीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाची इतकी माहिती मी एका नावाच्या मागं फिरताना पहिल्यांदा ऐकली. एकोणतीस जागी 'दुर्गा' परत आली. एकोणीस 'सुशीला' जागच्या जागी राहिल्या. लग्नाच्या पानावर आता असं आहे:

"घरातून निघताना दुर्गा होते, घरात शिरताना सुशीला झाले."

हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे वाक्य मीच लिहून घेतलं होतं. आणि मीच..." पुढं बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण तिनंच सांगितलं होतं गो, लोक ओळखतात ते ठेव."

हा प्रश्न माझ्याकडेही होता. तिनं एक नाव निवडलं असेल तर ते उलटं फिरवणारी मी कोण? बाबा म्हणतात ती निवड नव्हती, ती तांदूळ निवडत होती. मला खात्री नाही. आयुष्यभर एक नाव वागवलेल्या बाईला ते आपलं वाटत नसेल असं मी का धरून चालावं? म्हणून आम्ही दोन्ही फायली ठेवल्या. एक बाबांची, जशी होती तशी, फक्त युनिकोडमध्ये, तिच्यात बोट अजून विजयसुशीलाला जाते. दुसरी नवी. जुनी न मोडता नवी बनवायची, हे मला माझ्या कामानं शिकवलेलं आहे, ते इथं उपयोगी पडलं.

आणि चार जागा उरल्या, ज्या आम्हाला दोघांनाही सुटल्या नाहीत.

त्यातली एक पाकिटावरची. भावानं मुंबईहून पत्र पाठवलं, त्यावर नाव होतं सुशीला. भाऊ तिला दुर्गा म्हणणार, पण पोस्टमन तिला सुशीला म्हणून ओळखणार. पाकीट भावाचं की पोस्टमनचं? दोन जागा सणाच्या गर्दीतल्या आहेत, कुणीतरी स्वयंपाकघरातून हाक मारतं, कोण ते लिहिलेलं नाही.

चौथी शेवटच्या पानावर आहे. आजी म्हणते, "हल्ली पहाटे जाग येते. वाटतं कुणीतरी हाक मारली, सुशीला. मी ओ देते. मग बघते तर सगळे झोपलेले."

बाबांना मी विचारलं, "काय ठेवू?"

ते बराच वेळ गप्प बसले. बाहेर पाऊस लागला होता, लाइट गेले होते, लॅपटॉपची बॅटरी वीस टक्क्यांवर होती.

"तेव्हा विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

मी ती ओळ पिवळीच ठेवली आहे.